फळी हलकी नव्हती

मळवली. गुरुवार, १८ जून १९३६
सोमवारी लिहिलं की विहिरीवरून घरी यायला आबांना तीन भाकऱ्यांचा वेळ लागतो. चूक. दोनच. तिसरी थापताना मोडली, त्यात सासऱ्यांचा काय दोष? पण माझ्या लग्नाच्या वर्षी एक भाजून होईतो ते ओट्यावर येऊन बसत, हे खरं.

रवि. २१
सासूबाईंना विचारलं, आबा वाळलेत का? म्हणाल्या, "म्हातारा माणूस वाळनारच. तू वही ठेव, चुलीकडं बघ." हे सुट्टीवर घरी. यांचं म्हणणं, आबा लोखंड आहेत. मग हातातलं कडं? साबण लावूनही निघत नसे, आता कोपरापर्यंत सरकतं. मी उगाच बघते का?

बुध. २४
आबांनी पकडलं. "पोरी, रोज माजी परीक्षा घेतीस व्हय? घरात पयली शिकल्याली सून, म्हनून सासराच नापास करनार?"
म्हटलं, "पेपर अजून चालू आहे, आबा."
लय हसले. दुधात कुस्करलेली भाकर सगळी खाल्ली. आज घर छान वाटलं. उठताना मात्र दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि दुसऱ्या खेपेला उठले.

शनि. २७
येत्या बुधवारी चिखलणी. भाताच्या खाचरात बैलांमागे फळीवर उभं राहून चिखल सपाट करायचा, तो मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. त्याला कुणी उतर म्हणत नाही.
गेल्या वर्षी फळी चिखलावरून उड्या मारत होती. सगळे म्हणाले फळी हलकी. यांनी सुताराकडून जड करून आणली, ती गोठ्यात उभी आहे. आज शेण काढताना एकदम कळलं. फळी तीच होती, वरचा माणूस हलका झाला होता. वर्षभर कुणाला, मलाही...
बैलांनी हिसका दिला आणि पुढे तोल गेला तर त्या जड फळीखाली.
यांना सांगितलं. म्हणाले, "मी कसं सांगू? तूच सांग, तुझं ऐकत्यात."
सुनेनं सांगायचं? आणि चार माणसांदेखत तर नाहीच. आबा, तुम्ही बांधावर उभे राहून बैलांना हाकारा, फळीवर हे राहतील, असं म्हणावं. रागावतील? की नुसतं हो म्हणतील? ते जास्त वाईट.
उद्या नको, नणंद यायची आहे. सोमवारी बाजार. मंगळवार ता. ३०, दुपारी, आबा गोठ्यात एकटे दावी वळत बसतात तेव्हा.