टोपली, चमचा आणि एक्केचाळीस नंबरचे बूट

मी, एलेउतेरिओ तनांता पिंची, वय वर्षे बावन्न, धंदा औषधाचे दुकान, राहणार पुएर्तो लुपुना, नदीचा डावा काठ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, ताप नसताना (आत्ताच मोजला, ३६.८) आणि कोणी न सांगता लिहीत आहे. आज दोनच्या बोटीने मी सांता रीताला जातो. तिथे एकोणीस जण कॉलऱ्याने पडले आहेत. त्या गावात पाहुण्याने मसातोचा, म्हणजे कंदाच्या दारूचा, वाडगा रिकामा केल्याशिवाय त्याला घरात घेत नाहीत, आणि मसातो आंबवतात ते नदीच्याच पाण्यात. तेव्हा लिहून ठेवलेले बरे.

१. घर व दुकान पत्नी सोइला हिला. छपराचा तिसरा पत्रा गळतो. तो मेव्हण्याने बसवला. मेव्हण्याला काही देऊ नये.

२. माझा चमचा मुलगी ओदालिस हिला. एक लिटर उकळलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने सारखा केलेला, अंदाजाने नव्हे. मार्चपासून या चमच्यावर एकशे चौदा माणसे उठून बसली. सात उठली नाहीत. त्यांची नावे वहीत आहेत, वहीही तिलाच.

३. दवाखान्याचे डॉक्टर ओक्तावियो बेरोआ हे ओदालिसचे धर्मपिता, म्हणून माझे कोंपाद्रे. गावातल्या सत्तावीस मुलांचे ते धर्मपिता आहेत आणि दर बाप्तिस्म्याला त्यांनी एक अख्खे बदक खाल्ले आहे. धर्मपित्याचे दार त्या घरांना कधी बंद नसते, असा आमचा रिवाज. कॉलरा आल्यावर कोंपाद्रेंनी दाराला आतून नऊ खिळे ठोकले. मी मोजले. तेव्हापासून ते माडीवरून दोरीने टोपली सोडतात. रोग्याने लक्षणे लिहून टाकायची, वरून चिठ्ठी येते.

उर्सिसिनाबाई नवऱ्याला हातगाडीवर घालून घेऊन आल्या, तेव्हा मी तिथे होतो.

“डॉक्टर, खाली या हो! टोपलीत माझा म्हातारा मावत नाही!”

“लक्षणं लिहा, बाई.”

“लिहिता आलं असतं तर मीच डॉक्टर झाले असते, आणि खाली उतरले असते!”

म्हाताऱ्याला मी दुकानात नेले. उशीर झाला होता. वहीत तो चौथा.

मी खालून ओरडलो, “कोंपाद्रे, शपथ घेतली होती ना तुम्ही?”

“तुम्हाला काय कळतं शपथेतलं? चमचेवाले तुम्ही!”

खरे आहे. माझ्याकडून कोणी शपथ घेतली नाही, त्यामुळे ती मोडायची सोयही मला नाही. सैन्यात मिळालेले प्रथमोपचाराचे एक पुस्तक, अर्धे वाळवीने खाल्लेले, एवढेच माझे विद्यापीठ. उरलेल्या अर्ध्यात टोपलीचा उल्लेख कुठेही नाही.

भीतीबद्दल मी त्यांना बोल लावत नाही. पोटात गुडगुडले की मीही स्वतःची नाडी बघतो. पण मग दारावरची ‘चोवीस तास सेवा’ ही पाटी तरी उतरवायची.

४. माझे रबरी बूट, नंबर एक्केचाळीस, कोंपाद्रे बेरोआ यांना. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू. अट एकच: ते घालून रोग्यांच्या घरी जावे, सुरुवात उर्सिसिनाबाईंपासून. तिथे आता सून पडली आहे, पाणीही पोटात ठरत नाही, तिला सलाइन लागेल. मी गेल्यावर शिरेत सुई घालणारा त्यांच्याशिवाय दुसरा हात गावात नाही. ओदालिसला चमचा येतो, सुई येत नाही.

५. माझ्या मयताच्या जागरणाला बदक शिजवू नये. एक वाटा दोरीने वर पाठवावा लागेल.

साक्षीदार:
१. एवारिस्तो सांगामा, बोटवाला (सही)
२. डॉ. ओक्तावियो बेरोआ (सही, टोपलीतून)

ज्याला मिळायचे त्याने साक्ष देऊ नये, हे मला ठाऊक आहे. या बुटांत आपला लाभ आहे असे डॉक्टरांना वाटत असेल, तर त्यांनी हरकत घ्यावी.

पुएर्तो लुपुना, १४ मे १९९१
एलेउतेरिओ तनांता पिंची (सही)

पुरवणी: कागद क्लोरिनने भिजून खाली आला. सहीखाली डॉक्टरांचा मजकूर: ‘कोंपाद्रे, माझा पाय त्रेचाळीसचा आहे.’

मी दोन्ही बुटांची टोके सुरीने कापून ते टोपलीत ठेवले. बोटे बाहेर राहतील. कॉलरा तोंडातून शिरतो, पायाच्या बोटांतून नाही. पुस्तकाचे पान एकतीस. अट कायम.

टोपली वर गेली. एक चाळीसला आतून एक खिळा उपसल्याचा आवाज आला. आणखी आठ आहेत. बोट दोनला सुटते. एवारिस्तोला मी सव्वादोनपर्यंत थांबायला सांगितले आहे.