घोट्याची पट्टी

नर्सिंग वसतिगृह, नागपूर
४ फेब्रुवारी १९७४

ती. जिजाआत्यास,
सा. न. वि. वि.

बाबा परवा येऊन गेले. घरी जाऊन ते काय सांगतील या धास्तीनंच लिहायला बसले आहे. ते आले तेव्हा मी शरीरशास्त्राच्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपले होते, हे खरं. पण पुस्तक उघडं होतं, हेही त्यांनी सांगावं. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, पुन्हा वॉर्ड. खोलीवर येऊन वाचायला बसलं की डोळे मिटतातच. माझ्या खोलीतली सुमती म्हणते की आपण पुस्तक वाचतो कमी आणि उशाला जास्त घेतो.

एप्रिलात पहिल्या वर्षाची परीक्षा. नापास झाले तर सामान बांधून घरी यायचं आणि ज्येष्ठात आर्वीच्या मुलाशी लग्न, हे तुझं म्हणणं बाबांनी मला पुन्हा ऐकवलं. मुलगा चांगलाच असेल, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण मला हे काम आवडतं, आत्या. काल एका आजीला अंग पुसून वेणी घालून दिली, तर तिनं आरसा मागितला. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच, असं तिची सून म्हणाली. मला हे शिकणं सोडायचं नाही, एवढं सांगून ठेवते.

तिळाचे लाडू सुमतीनंच संपवले. रागावलीस तरी माया आटू देऊ नको.

तुझी,
गोपिका

खैरी, ता. काटोल
११ फेब्रुवारी

चि. गोपिकेले आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुह्या बापानं, चंपतनं, सांगायचं थे सांगितलं. झोपली तं झोपली, त्यात लपवायसारखं काय हाय. पण मी बदलली असं समजू नको. लोकायचं अंग पुसायले पोरगी शहरात धाडा, हे मले तवाही पटलं नाही अन् आताही पटत नाही. तू नाही तं जेवायले बसलं की मी अन् चंपत एकमेकाचं तोंड पाहत बसतो. आर्वीची प्रयागबाई होळीनंतर घर पाहाले येऊन राहिली. पोराची माय हाय, नाही कशी म्हणू.

एक विचारायचं होतं. शेजारची सिंधूताई खाटेवर पडून हाय. पाठीले जखमा होऊन राहिल्या. तुमच्या इथं अशा बाईचं काय करतात? पयले काय, मंग काय, अन् काहून, असं सारं लिहिजो. मले लवकर समजत नाही.

जेवत जाय. उपाशी पोरगी मले चालत नाही.

जिजाबाई

नागपूर
१० मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू काय मांडलं आहेस, आत्या? सिंधूताईच्या पाठीचं लिहिलं, तर तुझं दुसरं पत्र हजर, की बाबांना ताप आला तर अंग कसं पुसतात. ते लिहिलं, तर आता घोटा मुरगळला तर पट्टी कशी बांधतात. तुझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही तर तू बोलणार, आणि दिलं तर माझी वाचायची वेळ जाते. वर तुला नुसतं ‘काय’ चालत नाही, प्रत्येकाचं कारण, तुझं ‘काहून’ही लागतं, म्हणून मला पुस्तक उघडून बसावं लागतं. सुमती म्हणते, आत्याचंच नाव इथं घाला.

तर घोट्याला आठाच्या आकड्यासारखी पट्टी बांधतात. पायाच्या आतल्या बाजूनं बाहेर, खालून वर, आणि प्रत्येक वेढ्यानं आधीच्या वेढ्याचे तीनपैकी दोन हिस्से झाकायचे. फार आवळायची नाही, नाहीतर बोटं थंड पडतात. म्हणून बोटं उघडी ठेवायची आणि मधून मधून हात लावून बघायची. मी सुमतीचा पाय बांधून बघितला. ती ओरडली, म्हणजे आवळली गेली होती.

सिंधूताईला दर दोन तासांनी कूस बदलून देता ना? मला तिची काळजी लागून राहिली आहे. बाबांना नमस्कार, आणि तुझा जीव माझ्यावर असू दे.

गोपिका

खैरी
१८ मार्च

चि. गोपिकेले आशीर्वाद.

प्रयागबाई काल आली अन् पडली. अंगणात सडा नुकताच टाकला होता, ती गोठा पाहाले निघाली अन् पाय सरकला. घोटा हा असा सुजला. मी आधी थंड पाण्याची घडी ठेवली, मंग चंपतचं जुनं धोतर फाडून तुह्या पत्रासारखी पट्टी बांधली. पयल्या डावाले आठाचा काही भलताच आकडा झाला. सोडून पुन्हा बांधली. बोटंही पाहिली, गरम होती.

प्रयागबाई खूश. म्हणे, असी शिकलेली सून आताच पाहिजे, परीक्षेचं काय घेऊन बसता, पोरगी बोलवा अन् वैशाखात उरकून टाका. मी म्हटलं, पोरगी तीन वर्ष पुरे केल्याबिगर जाग्यावरून हालणार नाही. चंपतनं मले पुन्हा विचारलं, काय म्हटलं म्हून. मी मंग पानाचा डबा शोधाले आत गेली. प्रयागबाई बैलगाडीत बसली थे रुसूनच. पट्टी मात्र सोडली नाही तिनं.

म्हून सांगते, आता नापास होऊन माह्या तोंडाले काळं फासू नको. रात्री डोक्याले तेल लाव.

जिजाबाई

नागपूर
२२ मे

ती. आत्यास आनंदाचे सा. न. वि. वि.

पास झाले. आज बोर्डावर नाव लागलं. मी आणि सुमती दोघी पास, आणि दोघी रडलो.

आता ऐक. पेपरात पाठीच्या जखमांचा प्रश्न आला. मी तुला लिहिलेलं पत्रच उतरवलं, फक्त ‘आत्या’ तेवढं गाळलं. प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी घोट्याची पट्टी बांधायला लावली आणि वर विचारलं की बोटं उघडी का ठेवतात. मी तर हे ‘काहून’ तुला आधीच सांगून बसले होते.

पण एक कोडं आहे. परवा इथं धरमपेठेच्या बाजारात सिंधूताई भेटली. बांगड्या भरत होती, चांगली ठणठणीत. मी तिला पाठीच्या जखमांचं विचारलं, तर तिनं मलाच उलट विचारलं, कुणाच्या जखमा? म्हणाली, ती या वर्षात एकदाही खाटेवर पडली नाही. आत्या, हे काय आहे?

उत्तराची आणि तुझ्या मायेची वाट बघते.

गोपिका

खैरी
२९ मे

चि. गोपिकेले पोटभर आशीर्वाद.

सिंधूताई कायले पडते? दोन घागरी डोक्यावर घेऊन येते थे.

चंपतनं सांगितलं होतं की पोरगी पुस्तकावर झोपते. मी म्हटलं, पुस्तकावर झोपते, पण आत्याले पत्र लिहिताना झोपणार नाही, आत्याले भेते थे. लहानपणी तुले पाढे कसे आले? मी कांदे चिरत बसत जाय अन् म्हणत जाय, गोपे, मले सत्तावीसचा पाढा येत नाही वं, सांग. तू सांगत जाय. मले येत होता.

तू शिकाले गेली थे मले आजही पटत नाही. घर खायले उठते. पण यायचं तं पास होऊन ये, हरलेली पोरगी मले दारात नको. चंपतनं गावभर बुंदी वाटली, थोडी सुमतीसाठी बांधून ठेवली हाय.

आता दुसऱ्या वर्षाले काय शिकवतात थे लिहिजो. काळीज कसं चालते, मले काही समजत नाही. पयले काय, मंग काय, अन् काहून.

तुही,
जिजाआत्या