समोरच्या बाईंची सालं

२ मार्च
कंपोस्टचा डबा आणला. दोन महिन्यांत हिच्या कुंड्यांना घरचं खत. ही गेल्यापासून बाल्कनीत नुसती माती उरली आहे. लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, डबा भरला की झाकण लावायचं आणि महिना-दीड महिना आत काही टाकायचं नाही. बापाला शिकवते.

९ मार्च
तळही झाकला नाही. एकट्या माणसाची सालं ती किती? काल केवळ सालांसाठी काकड्या सोलल्या. मग खाव्याही लागल्या.

११ मार्च
आयडिया. समोरच्या बाई शाळेत शिकवतात, घर भरलेलं आहे. त्यांचा ओला कचरा मागितला. लगेच हो म्हणाल्या. मला माणसांची हौस नाही. हे फक्त पर्यावरणासाठी.

१२ मार्च
संध्याकाळी बेल. बाई पिशवी घेऊन दारात. बराच वेळ बोलल्या. मुलांच्या परीक्षा, बंद लिफ्ट, गुडघे. गुडघे माझे. सालं उत्तम दर्जाची.

३० मार्च
हल्ली बेलच्या आधी शर्ट बदलून बसतो. कचरा घेतानाही माणूस नीटनेटका दिसावा.

१४ एप्रिल
डबा काठोकाठ भरला. लेक म्हणते, आता बंद करा. पण मग बाईंना नको म्हणावं लागेल. शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही. हाताने दाबून जागा केली.

२ मे
वास सुटलाय. खालून पाणी गळतंय. खालच्या मजल्यावरचे तक्रार करून गेले. त्यांना विज्ञानाचं वावडं आहे. सोमवारपासून डबा बंद म्हणजे बंद.

४ मे, सोमवार
बंद केला नाही. बाईंनी कोबीचा पाला आणला होता. घाईत असूनही थांबल्या.

२० मे
बाईंनी स्वतःचा डबा आणला. म्हणाल्या, काका, तुमचं बघूनच सुचलं. म्हणजे मी चळवळ उभी केली. अभिमान वाटला. संध्याकाळी शर्ट बदलून बसलो. फार एकटं वाटलं. उकाड्याने असेल.

२१ मे
झाकण लावलं. आता खत होणारच, अडवणारं कोणी नाही.

२२ मे
काकड्या सोलल्या. माझा डबा बंद, मग सालं टाकणार कुठे? इस्त्रीचा शर्ट घालून समोरची बेल वाजवली. बाई म्हणाल्या, आणत जा की काका, पण उद्यापासून बेल वाजवायची तसदी घेऊ नका, पिशवी दाराच्या कडीला अडकवून जात जा.
चांगली सोय झाली. घरी येऊन काकड्या खाल्ल्या.