तळ्यावरचा तेलाचा तवंग

इंदोरा, नागपूर
४ जानेवारी १९८३

चि. जयवंतास आजीचा आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

इतकं शिकून तू परदेशातल्या बेटावर, तळ्यात जेलीफिश मोजून राहिली म्हणे! डोळ्याले काच, तोंडात नळी अन् पाण्यावर पालथी. शेजारची मीराबाई म्हणते, नळीच तोंडात धरायची होती तर इथं फुंकणी काय वाईट होती.

ते जीव डसत नाहीत, असं तू लिहिते. न डसणाऱ्यावर माहा भरोसा नाही. पार्सलात घाण्यावरचं तिळाचं तेल धाडलं. पाण्यात उतरायच्या आधी अंगाले चोळजो. माही शपथ हाय.

तुही आजी,
बायजाबाई


बेटावरून
१२ फेब्रुवारी १९८३

ती. आजीस सप्रेम जयभीम, वि. वि.

तेल पोचलं. लावलंही. इथला नियम असा की अंगाला काही न लावता उतरायचं, पाय हळू हलवायचे, कोणत्या जीवाला हात लावायचा नाही. नियम मला ठाऊक होता. पण शपथ तुझी होती.

माझ्याभोवती तवंग पसरला. सायीसारखे मऊ, वाटीएवढे जेलीफिश त्यात आले, आक्रसले आणि खाली गेले. पुष्कळ जिवानिशी गेले, आजी.

इथल्या आमच्या कामाच्या प्रमुख बाईंनी विचारलं तेव्हा चूक माझी, एवढंच बोलले. शपथेचं सांगितलं असतं तर तू अडाणी ठरली असतीस. आता मला तळं बंद आहे. बहुधा एप्रिलच्या बोटीनं घरी पाठवतील. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी,
जयवंता


इंदोरा, नागपूर
३ मार्च १९८३

चि. जयवंतास आशीर्वाद, वि. वि.

तुहं पत्र कोणाकडून वाचून घेतलं नाही. एकेक अक्षर लावत मीच वाचलं. लोकाईले दाखवायची लाज वाटली.

मले अडाणी म्हणतील म्हणून भेली काहून वं? मी हायच अडाणी. ते जीव डसत नव्हते. डसली मी, अन् इथं बसून.

दुसरा कागद तुह्या बाईसाठी हाय. तेल माहं, शपथ माही, पोरीले पाण्यात जाऊ द्या, असं लिहिलं. त्याईच्या भाषेत वाचून दाखवजो. माह्याबद्दलचं वाईट गाळलं तर माहीत पडंल मले.

घातलेली शपथ मी मागं घेतली. बाई हो म्हणाली तर कोरड्या अंगानं उतरजो. नाही म्हणाली तर तेलाच्या शीशीले बूच घट्ट लावून घरी आण. इथं न्हाणीत चोळून देईन. मोरीत कोणी मरत नाही.

माह्यावर राग धरजो, पण पत्र बंद करू नको.

तुही आजी,
बायजाबाई