बटणांची डबी

ठमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या दिल्यात, घेऊ ना?" आणि मी फटकन बोलून गेले, "नको गं बाई! त्या गोळ्यांनीच तर मावशीला बीजकोशाचा कॅन्सर झाला." तू घाबरून गोळ्या घेतल्याच नाहीस.

काल माझ्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, त्या कॅन्सरचा धोका या गोळ्यांनी उलट कमी होतो. तिच्या आजीला, मावशीला झाला म्हणूनच दिल्या असतील. बाकीचे धोके तिचे डॉक्टर बघतील की!"

मावशीनं जन्मात गोळी घेतली नव्हती. घेत होते मी. शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या डबीत लपवायचे. तुझ्या वेळचं बाळंतपण मला पुन्हा सोसवलं नसतं गं. तू पाठच्या भावासाठी हट्ट धरायचीस, बाबा तुला कुशीत घेऊन म्हणायचे, "आपल्या नशिबातच नाही." मी खाली मान घालून मशीन चालवत राहायचे. अजूनही कुणी गोळी म्हटलं की वाटतं, सापडले! म्हणून मेलेल्या बहिणीला पुढे केलं.

आता फोन करते. "डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू कर, तुझ्या आईला काही कळत नाही," एवढंच सांगेन. तू हसशील, अडाणी म्हणशील. चालेल. त्याहून वाईट काही म्हणू नयेस, म्हणून हे पत्र त्याच डबीत ठेवतेय.

तुझी अडाणी
आई