हुंकाराविना अडलेली गोष्ट

आत्या गं,

काल पुण्यात एका चिनी कादंबरीकाराचं भाषण ऐकून आले. आज कॉलेजच्या लायब्ररीत कामात लक्षच लागेना, म्हणून तुला लिहायला बसले. तू जाऊन चार महिने झाले आणि तुला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या कुणाला लिहू?

गोष्ट सांगण्याच्या कलेवर तो बोलणार होता. बारकासा म्हातारा. तो चिनीत बोलायचा आणि शेजारची मुलगी मराठीत सांगायची. मला वाटलं, काहीतरी जड जड ऐकायला मिळेल. तर हा बाबा त्याच्या गावच्या टोपल्या विणणाऱ्या बाईवरच बोलत बसला! तिच्या गोष्टीला ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचाच, असा रिवाज. हुंकार थांबला की तिला पुढचं सुचायचंच नाही.

लोक हसले. मला मात्र तुझाच आवाज ऐकू आला.

आठवतं ना, आपल्या गावी, आण्याला, खळ्यावर कांद्याची पात कापत तू गोष्ट सांगायचीस? आम्ही पोरं गप्प झालो की तुझा विळासुद्धा थांबायचा. "हुं म्हना की गं! मी काय भितीला सांगती?" मग आम्ही मोठ्यानं हुं म्हणायचो. पाण्यासाठी कोरड्या विहिरीत उतरलेली सून, तिला तळाशी भरलेला बाजार लागतो, ती गोष्ट तर लई लांब. शेवटापर्यंत मी कधी जागी राहिलेच नाही. शेवट तुझ्या एकटीपाशी होता.

तीच गोष्ट मोबाईलवर घ्यायला मी गेल्या वर्षी आले. किती शहाणी मी! पंखा बंद केला, शेळी लांब बांधायला लावली, आणि वहिनीला, शेजारणींना दम भरला, "कुणी आवाज करायचा नाही. हुंकारसुद्धा नको, रेकॉर्डिंग खराब होतं."

तू सुरू केलंस. सून दोराला धरून खाली उतरली, आणि तू थांबलीस. "ऐकतीस न्हवं?" मी नुसती मान हलवली. तू परत पहिल्यापासून सुरू केलंस, परत तिथंच अडलीस. मग पदरानं तोंड पुसून म्हणालीस, "आज न्हाई जमत बया."

तेव्हा तरी मला कळायला नको होतं का? लहानपणी शंभरदा हुं म्हटलेली मी! पण मला उशीर होत होता, नारायणगावची जीप चुकत होती. सगळ्यांसमोर फटकन बोलले, "आत्या, तू आता विसरायला लागलीस."

तू माझ्यावर विश्वास ठेवलास. शिकलेली भाची म्हणते म्हणजे खरंच असणार! त्यानंतर कुणी गोष्ट मागितली की तू म्हणायचीस, "माझ्या काय ध्यानात ऱ्हात न्हाई आता." वहिनी तुला चुलीपाशी एकटं सोडेना. दुकानात पाठवायचं बंद झालं. शेवटी शेवटी तर तू स्वतःच बोलायची बंद झालीस. चिडायचं तरी होतंस गं माझ्यावर! एक शिवी तरी हासडायचीस!

काल भाषणानंतर प्रश्न विचारायला माईक फिरला. मी उभी राहिले. विचारलं, ऐकणाराच गप्प राहिला आणि सांगणारी तशीच निघून गेली, तर काय करायचं? मुलीनं त्याला सांगितलं. त्याचं ऐकून ती म्हणाली, "ते म्हणतात, त्यांना माहीत नाही." त्यानं खोटा धीर दिला नाही, एवढं बरं केलं.

ते रेकॉर्डिंग अजून आहे. त्यात कामाचं काहीच नाही. गोष्ट गेली ती गेलीच. पण त्याहून वाईट हे, की गोष्टी आपल्या डोक्यातून पुसल्या गेल्या असं समजत तू गेलीस, आणि त्या सगळ्या तुझ्यापाशी धडधाकट होत्या.

येत्या रविवारी आण्याला येते. ज्यांच्यासमोर मी ते बोलले, त्या सगळ्यांना बसवून माझी चूक सांगणार आहे. कुणी शेवट विचारलाच, तर मनचं काही जोडणार नाही, ठाऊक नाही म्हणेन. तू काहीच विसरली नव्हतीस, हे तुला सोडून आता सगळ्यांना कळेल.

तुझीच भाची,
मंगल