फिल्म आपोआप सुटत नव्हती

आबा, परवा नातीने मोबाईलवर एक छोटी फिल्म दाखवली. पायाने अधू असलेली मुलगी डोंगर चढते, एवढीच गोष्ट, निवेदन इंग्रजीत. बघता बघता मी ते मराठीतून मोठ्याने सांगायला लागले. नात हसली, "आजी, मला कळतंय इंग्लिश!" मलाही हसू आलं, आणि मग तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, ते मोजायचं मी केव्हाच सोडलंय.

संत तुकाराम नगरातलं मैदान, शनिवारची संध्याकाळ, दोन बांबूंना ताणलेली पांढरी चादर. कंपनीने प्रोजेक्टर तुमच्या हाती सोपवला होता आणि तुम्ही त्याला कारखान्यातल्या, शॉपवरच्या मशीनपेक्षा जास्त जपायचात. मलमलीच्या फडक्याशिवाय फिल्मला हात लावायचा नाही. हाताला तेल असेल तर आईलासुद्धा फिल्मच्या डब्याजवळ फिरकू द्यायचा नाहीत. हिंदी पिक्चरच्या आधी माहितीपट असायचे. कुबड्या घेऊन शाळेच्या पायऱ्या चढणारी मुलगी, हाताने चाचपून सायकली दुरुस्त करणारा आंधळा मुलगा. निवेदन इंग्रजीत, त्यामुळे लोक हिरोची वाट बघत शेंगा सोलत बसायचे. तुम्हाला ते लागायचं. मी सातवीत असताना एक दिवस तुम्ही माइक माझ्या हातात दिलात.

मी बोलताना अडखळायचे. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी मला पाठांतराच्या स्पर्धेतून अगदी मायेने वगळलं होतं. मी नको म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "इंग्रजी तुला कळतंय, मराठी समद्यांना कळतंय. मधी फक्त तूच हायेस."

पहिल्याच शनिवारी 'पायरी' या शब्दावर माझी जीभ अडली. "अगं बोल की, पोरगी वर पोचली!" कुणीतरी ओरडलं आणि मैदान हसलं. तेवढ्यात चित्र थरथरलं, पडदा काळा झाला. फिल्म मशीनच्या चाकाच्या दात्यांवरून सुटली होती. सगळे तुमच्यावर उलटले. "ओ भाऊ, डबल ड्यूटी झाली का? घरी जाऊन झोपा!" तुम्ही हसून म्हणालात, "जुनं मशीन हाय राव, मधीच रुसतंय." आणि फिल्म बसवता बसवता, माझ्याकडे न बघता, हळूच, "पाणी पी. घाई न्हाई."

मग दर शनिवारी एकदा-दोनदा फिल्म सुटायची. मैत्रिणींना मी सांगायचे, आमच्या आबांना ते मशीन नीट जमत नाही.

त्या आंधळ्या मुलाच्या फिल्मच्या वेळी मी अडले आणि सहज मागे बघितलं. मशीनच्या उजेडात तुमचं बोट दिसलं. मलमलीचं फडकं नव्हतं. उघड्या बोटाने तुम्ही फिल्म दात्यांवरून ढकललीत.

नेमके त्या दिवशी कंपनीच्या वेल्फेअर खात्याचे साहेब आले होते. सगळ्यांसमोर ते तुमच्यावर बरसले, "किती वेळा सुटते हो तुमच्या हातून? कडेची भोकं फाटून फिल्म परत जाते. पुन्हा झालं तर मशीन दुसऱ्याकडे देईन."

"चुकलं साहेब," तुम्ही म्हणालात. मी माइक धरून उभी होते.

पुढच्या शनिवारी मी अडले तेव्हा मागे वळले नाही. तुमच्यासारखंच, घाई न करता, थांबले. पाणी प्यायले. पडद्यावरची मुलगी माझ्याशिवायच दोन पायऱ्या चढली, लोक गप्प बसून बघत राहिले, आणि तिसरीवर मी तिला गाठलं. त्यानंतर फिल्म सुटली नाही. पुढे मी आकुर्डीच्या शाळेत इतकी वर्षं शिकवलं, ते त्या थांबण्याच्या जोरावर. वर्गात एखादं मूल अडखळलं की माझ्या हातून खडू खाली पडायचा. मुलं हसायची, बाईंच्या हातात काही राहतच नाही म्हणून. तो खडू तुमचा, आबा.

हे पत्र शेंगदाण्याच्या डब्याखाली ठेवून देईन; कुठे पाठवणार? पण एक सांगायचं राहिलंय. साहेब बरसले त्या संध्याकाळी घरी येताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला होतात, "सायबाला काय तरी सांगनार हुतीस ना? अडलं व्हय? आसू दे."

मी 'हो' म्हणून मान हलवली होती. अडलं नव्हतं, आबा. वाक्य जिभेवर अगदी तयार होतं, त्यात एकही अवघड शब्द नव्हता. फिल्म माझ्यासाठी थांबते, हे मैदानाला कळू नये, म्हणून मी ते बोलले नाही.